जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर: रिलीफ व्हॉल्व्ह शोधला, उघडला, तपासला

गाडी १९७० ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, १७९८ सीसी, क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या पाच मेन बेअरिंगचं. अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल. माझ्या गाडीत ऑइल प्रेशरचं गेज यांत्रिक आहे. इंजिनातलं ऑइल बारीक नळीने थेट डॅशबोर्डामागच्या गेजपर्यंत येतं, मध्ये विजेचा काही संबंध नाही. खाली जिथे जिथे ‘पौंड’ लिहिलंय तिथे चौरस इंचाला पौंड, म्हणजे पीएसआय, असं समजावं.

४ जानेवारी

तासभर गाडी चालवून आलो. इंजिन पूर्ण गरम. ३००० आरपीएमला काटा ३२ वर, आणि स्लोला, म्हणजे रेस न देता, सोडल्यावर जेमतेम ८. मॅन्युअलप्रमाणे चालताना ५० ते ८० आणि स्लोला १० ते २५ हवं. माझ्याच वहीत गेल्या वर्षीची नोंद आहे: चालताना ६०, स्लोला १५. म्हणजे वर्षभरात प्रेशर जवळजवळ निम्म्यावर आलंय.

इंजिनाचा आवाज मात्र बदललेला नाही. ठोका नाही, धूर नाही, ऑइल कमी होत नाही.

५ जानेवारी

पहिली चूक. काहीही न मोजता आधी ऑइल बदललं. २०डब्ल्यू-५० होतं ते काढून त्याहून जाड ग्रेडचं भरलं. गरम इंजिनला ३२ चे ३५ झाले, स्लोला ८ चे ९. चार लिटरपेक्षा जास्त नवं ऑइल आणि अख्खी सकाळ खर्ची पडली, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. हेच ऑइल पुढे १ फेब्रुवारीला परत काढून टाकावं लागलं.

एका अनुभवी मेकॅनिकला फोनवर आकडे सांगितले. त्यांचं म्हणणं, बेअरिंगं गेली असणार, इंजिन उतरवा. तसं असेलही, पण इंजिन उतरवण्याआधी बाहेरून जे जे तपासता येतं ते सगळं तपासायचं ठरवलं.

१० जानेवारी

सुरुवात इथून करायला हवी होती. दुसरं एक चांगलं गेज मागून आणलं आणि नळीत टी-जॉइंट टाकून दोन्ही गेजं एकदम लावली. डॅशबोर्डचं गेज ३ पौंड कमी दाखवतं, बाकी ठीक आहे. म्हणजे दोष गेजचा नाही.

मग मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ती रेस धरून ठेवायची आणि मी आकडे लिहायचो. गरम इंजिन, दुसऱ्या गेजवरचे आकडे:

८०० आरपीएम: १२
१५०० आरपीएम: ३१
२००० आरपीएम: ३७
३००० आरपीएम: ३८
३५०० आरपीएम: ३८

शेवटच्या तीन ओळी लिहिल्यावर मी थांबलो. २००० च्या पुढे प्रेशर वाढतच नाही, छताला टेकल्यासारखं ३८ ला टेकतं. बेअरिंगं ढिली असती किंवा पंप झिजलेला असता तर प्रेशर कमी राहिलं असतं, पण रेसबरोबर थोडं थोडं चढत राहिलं असतं. आणि थंड इंजिनात, ऑइल घट्ट असताना, ६०-७० पर्यंत गेलंच असतं. माझं थंडीतलं प्रेशरसुद्धा ५० च्या वर जात नाही. काहीतरी प्रेशरला वरून अडवतंय, आणि ते काम रिलीफ व्हॉल्व्हचं: प्रेशर ठराविक आकड्याला पोचलं की तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत खाली सोडतो. या इंजिनात तो ७० च्या आसपास उघडायला हवा. माझा ३८ लाच उघडतोय असं दिसतं.

स्लोचं कमी प्रेशर मात्र यात बसत नव्हतं. स्लोला व्हॉल्व्ह बंदच असायला हवा, मग स्प्रिंग कशीही असली तरी १२ कशाला? हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. उत्तर पंधरा दिवसांनी मिळालं.

११ जानेवारी

संध्याकाळ वाया गेली. ऑइल फिल्टर इंजिनाच्या ब्लॉकच्या उजव्या बाजूला आहे, म्हणून रिलीफ व्हॉल्व्हही तिथेच असणार असं धरून चाललो. फिल्टरचं हेड उघडलं, आत स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह दिसला, आणि सापडला म्हणून खूश झालो. साफ केला, बसवला, गाडी चालू केली. आकड्यांत काडीचा फरक नाही.

तो बायपास व्हॉल्व्ह होता. फिल्टर चोंदला तर ऑइलला वळसा घालून पुढे जाऊ देणं एवढंच त्याचं काम. इंजिनातलं एकूण प्रेशर तो ठरवत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह स्प्रिंगचे आणि दोन्ही ऑइलच्या वाटेवर, त्यामुळे गल्लत होते. फिल्टरची सील मात्र उघडल्यामुळे बदलावी लागली.

१२ जानेवारी

खरा व्हॉल्व्ह नेमका उलट बाजूला निघाला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहिलं तर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, अगदी मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला लागून. वर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि कार्बुरेटर आहेत, म्हणून बॉनेट उघडून वरून पाहिलं तर तो दिसतच नाही. टॉर्च आणि हातातला छोटा आरसा घेऊन पाहिल्यावर काळ्या चिखलाचा एक गोल उंचवटा दिसला. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर आतून षटकोनी डोक्याचा, टोपीसारखा बंद नट निघाला. हाच तो डोम नट. त्याच्या आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पुढे वाटीसारखा पोकळ प्लंजर, जो ब्लॉकमध्ये कोरलेल्या गोल कडेवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या सीटवर, बसतो.

पंपाकडून आलेलं ऑइल आधी या व्हॉल्व्हपाशी येतं, मग बाहेरच्या पाइपने ऑइल कूलरकडे आणि फिल्टरकडे जातं. हे लक्षात ठेवा, पुढे साफसफाईच्या वेळी कामाला येतं.

१७ जानेवारी

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर घेतला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे ठाऊक असलं तरी दर वेळी स्वतःला सांगतो. खालून नट समोर दिसतो, हातही पोचतो. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं, कारण शेजारूनच सायलेन्सरचा पाइप उतरतो.

इथे दुसरी मोठी चूक. हाताशी होता तो तोंडाचा पाना लावला. जोर दिला तसा पाना सटकला आणि नटाचा एक कोपरा गोल झाला. बोटं मॅनिफोल्डच्या नटांवर आपटली ती वेगळीच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे नट जाम झालेले असतात. त्यावर सहा कोपऱ्यांचा, घट्ट बसणारा सॉकेटच हवा. बारा कोपऱ्यांचा नको, तोंडाचा तर नकोच.

तारेच्या ब्रशने नटाभोवतीची सगळी घाण काढली. नट निघाल्यावर हीच घाण आत पडते. मग गंज सोडवायचं ऑइल मारून रात्रभर तसंच ठेवलं.

१८ जानेवारी

सहा कोपऱ्यांचा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, लांब दांडा. हळूहळू वाढवत जोर दिला. एक ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि नट हलला. जीव भांड्यात पडला. आटे शाबूत आहेत.

खाली ट्रे ठेवा. कपभर ऑइल येतंच. नटाबरोबर स्प्रिंग हातात आली, नटाखालच्या दोन वायसरही आल्या. त्या दोन आहेत हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं असतं तर पुढचा एक घोळ टळला असता.

प्लंजर आतच राहिला. लोहचुंबकाची कांडी लावून पाहिली, पण ऑइलच्या थराने तो इतका चिकटला होता की हलेना. पक्कडीने ओढायचा मोह टाळा, कारण पक्कडीचे दात लागले तर बाहेरचा पृष्ठभाग खराब होतो आणि तो पुढे भोकात अडकू लागतो. मी एक लाकडी काठी चाकूने तासून किंचित निमुळती केली, प्लंजरच्या पोकळ तोंडात दाबून बसवली आणि पिळत पिळत बाहेर ओढली. तिसऱ्या खेपेला प्लंजर काठीवर टोपीसारखा बसून बाहेर आला. डिस्ट्रिब्युटरची वायर काढून सेल्फ मारला तर ऑइलच्या जोराने प्लंजर बाहेर फेकला जातो, असंही करतात. मी केलं नाही. खाली झोपलेल्या माणसाच्या तोंडावर ते सगळं येतं.

आता मोजमाप. स्प्रिंगची मोकळी लांबी ३ इंच, म्हणजे ७६ मिमी हवी. व्हर्निअर लावला तर ६६ भरली. दोनदा मोजली, मुलीलाही मोजायला लावली. तेवढीच. काचेवर लोळवली तर सरळ लोळत नव्हती, मध्ये किंचित वाकलेली. एका बाजूच्या वेढ्यांवर घासून चकाकी आली होती.

१९ जानेवारी

लांबी हा अर्धा पुरावा झाला, म्हणून स्प्रिंगचा जोरही मोजला. मॅन्युअलमध्ये आकडा आहे: स्प्रिंग २ ५/३२ इंचांपर्यंत, म्हणजे ५४.८ मिमीपर्यंत, दाबल्यावर साडेपंधरा ते साडेसोळा पौंड (इथे पीएसआय नव्हे, वजनाचे पौंड), किलोत ७ ते ७.४, एवढा जोर द्यायला हवी. उभ्या ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर साधा वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली आणि चकमध्ये गुळगुळीत दांडा धरून वरून दाबत नेली. मशीन अर्थातच बंद. ५४.८ ला काटा ३.९ किलोवर थांबला.

आता हिशेब बघा. ७.२ किलोला ७० पौंड, तर ३.९ किलोला साधारण ३८ पौंड. गेजवर छत लागलं होतं तेही ३८ ला. हा आकडा वहीत लिहिताना खरंच बरं वाटलं. इंजिन उतरवायची घाई केली नाही ते योग्यच झालं.

स्प्रिंगमागे वायसर टाकून ती ताणून घ्यायचा सल्ला दोघांनी दिला. नको म्हटलं. थकलेली स्प्रिंग वायसरने तरुण होत नाही, आणि जास्त भर घातली तर वेढे एकमेकांना टेकून व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. मग थंड इंजिनात प्रेशर भलतंच चढतं आणि फिल्टरची सील किंवा कूलरचा होज फुटतो. नवी स्प्रिंग आणि नवा प्लंजर मागवले.

२५ जानेवारी

सामान आलं. नव्या स्प्रिंगची लांबी ७६, जोर ७.१ किलो. नवा भाग आहे म्हणून न मोजता बसवू नका, मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणि इथे तिसरी चूक. प्लंजर सीटवर नीट बसतो का हे न पाहताच घाईने सगळं बसवलं. गाडी गरम केली. दुसऱ्या गेजवर ३००० ला ५५. छान. पण स्लोला १३. जवळपास होतं तेवढंच. वहीतला तो प्रश्न तसाच राहिला होता. व्हॉल्व्ह बंद असतानाही ऑइल कुठूनतरी निसटतंय.

२६ जानेवारी

सगळं परत उघडलं. नव्या प्लंजरच्या कडेला मार्किंग ब्लूचा, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ थर लावला, आत घालून काठीने हलकेच टेकवला, पाव फेरा फिरवला आणि बाहेर काढला. सीट चांगली असती तर निळी कड सगळीकडे सारखी पुसली गेली असती. माझ्याकडे दोन तृतीयांश भागच पुसला होता, उरलेला जसाच्या तसा निळा. म्हणजे तेवढ्या भागात प्लंजर सीटला टेकतच नव्हता.

आरशाने आत पाहिलं. सीटवर एका जागी ऑइल जळून कडक झालेली काळी खपली, आणि तिच्या शेजारून गेलेली बारीक रेघ. जुना प्लंजर उजेडात धरला तर त्याच्या कडेवर अगदी तशीच रेघ. नखाने जाणवत होती.

खपली लाकडी काठीच्या टोकाने आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने काढली. सीटला लोखंडी वस्तू लावली नाही. मग सीट घासून घेतली. कंपनीचं यासाठी १८जी६९ क्रमांकाचं हत्यार असायचं. मी जुना प्लंजरच वापरला: कडेला बारीक दाण्याची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली, पोकळीत लाकडी दांडी ठोकून बसवली आणि दांडी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळली. दर वीस-पंचवीस घुसळण्यांनंतर प्लंजर उचलून जागा बदलायची, म्हणजे एकाच ठिकाणी खड्डा पडत नाही. पेस्ट फक्त कडेला लावायची, बाजूच्या गोल भागाला लागली तर भोक मोठं होतं.

तीन वेळा पुसून, नव्या प्लंजरला ब्लू लावून पाहिलं. तिसऱ्या वेळी पूर्ण गोल कडं उमटलं, केसाएवढी फट नाही. गाडीखाली पाठीवर पडून ते निळं कडं मी बराच वेळ बघत राहिलो.

पेस्ट काढणं हे घासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. काठीला चिंधी गुंडाळून पेट्रोलने पुसत राहिलो, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. हवा मारली नाही, पेस्ट ऑइलच्या वाटेत आत ढकलली गेली असती. शेवटी स्प्रिंग, प्लंजर, नट सगळं बाहेर ठेवून, स्पार्कची वायर काढून, मी बाजूला झालो आणि मुलीला सेल्फ मारायला सांगितलं. पाच-पाच सेकंद, दोनदा. भोकातून ऑइल ट्रेमध्ये आलं आणि उरलंसुरलं धुऊन निघालं. व्हॉल्व्ह फिल्टरच्या आधी असल्यामुळे चुकून काही राहिलं तर ते फिल्टरमध्ये अडकेल, हा दिलासा होता. तरीही फिल्टर बदलणार होतोच.

१ फेब्रुवारी

जाड ऑइल काढलं, २०डब्ल्यू-५० भरलं, नवा फिल्टर लावला. प्लंजर ऑइलमध्ये बुडवून आत सोडला. बोटाने ढकलला तर न अडखळता सरकला. नट बसवला.

सुरू करण्याआधी चारही प्लग काढून सेल्फ मारला. प्लग नसले की इंजिन हलकं फिरतं आणि बेअरिंगांवर भार न येता ऑइल सगळीकडे पोचतं. “बाबा, काटा हलला!” असं आतून ऐकू आल्यावरच प्लग परत लावले.

दहा मिनिटांत सायलेन्सरच्या पाइपवरून धूर. नटाखालून ऑइल ठिबकत होतं. दोनऐवजी एकच वायसर लावली होती, आणि तीही जुनी. एक वायसर कमी म्हणजे नट तेवढा जास्त आत जातो आणि स्प्रिंग जास्त दाबली जाते. वायसर दीड मिलिमीटरची असेल तर प्रेशर पाचेक पौंडांनी चुकतं. म्हणून गळती नसती तरी हे दुरुस्त करणं भाग होतं. दोन नव्या वायसर टाकल्या, पाइप पुसून कोरडा केला. पाऊण तास गेला.

२ फेब्रुवारी

तासभर चालवून आणली. दुसऱ्या गेजवर, गरम इंजिन:

८०० आरपीएम: १८
१५०० आरपीएम: ४६
२००० आरपीएम: ५७
३००० आरपीएम: ६३

थंड इंजिनात २००० ला ७१ वर काटा थांबला. छत आता जिथे असायला हवं तिथे आहे. स्लोला १२ चे १८ झाले, तेही पातळ ऑइलवर. मोठ्या आकड्याचं काम स्प्रिंगने केलं आणि छोट्या आकड्याचं सीटने. दोन वेगळी दुखणी एकाच नटाच्या आत होती.

वेळेचा हिशेब: प्रत्यक्ष गरजेचं काम सात तासांचं. माझ्याकडून गेले साधारण सतरा. चुकीच्या बाजूला शोधण्यात तीन तास, ऑइल दोनदा बदलण्यात तीन, सीट न पाहता बसवून पुन्हा उघडण्यात तीन, उरलेला वेळ गोल झालेल्या नटाने आणि वायसरने खाल्ला. वाया गेलेलं सामान: जाड ऑइल आणि फिल्टरची एक सील. डोम नटही नवा मागवलाय, गोल कोपऱ्याचा नट पुढच्या वेळी सॉकेटला दगा देईल.

१५ फेब्रुवारी

३०० किलोमीटर झाले. नटाभोवती बोट फिरवलं, कोरडं. आकडे तेच. जुनी स्प्रिंग, जुना प्लंजर आणि वजनाची चिठ्ठी एका डब्यात घालून ठेवली आहे.

टी-जॉइंट काढताना गेजच्या रबरी नळीवर, ब्लॉककडच्या टोकाला, बारीक भेगा दिसल्या. ही नळी फुटली तर सगळं ऑइल प्रेशरने बाहेर जातं आणि काटा शून्यावर येईपर्यंत ते कळत नाही. नवी नळी येईपर्यंत गाडी उभी.